अख्खा बोकड घरी आणण्याआधी: थंडावा, सुऱ्या आणि शेवटी खिम्याचं मशीन

बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात महालक्ष्मीची यात्रा ठरली किंवा निपाणी-चिकोडीकडे म्हाईची जत्रा आली, की चार-पाच घरं मिळून बोकड धरतात आणि वाटे घालतात. आता एकटं घरही अख्खा बोकड घेऊ लागलं आहे, कारण फ्रीज मोठा झाला आणि खिम्याचं मशीन मोबाईलवर दोन बोटांनी मागवता येतं. पण खरेदीला सुरुवात मशीनपासून होते. मग सुरीची आठवण येते, आणि एवढं मटण थंड कशात करायचं हा प्रश्न मटण परातीत येऊन पडल्यावर पडतो. मटण वाया जातं ते मात्र या शेवटच्या प्रश्नापायी. म्हणून इथे आधी थंडाव्याचा हिशेब, मग धारेची हत्यारं आणि सगळ्यात शेवटी मशीन.

त्याआधी कायद्याचं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि भीमगड अभयारण्याच्या आसपास रानडुकराचं किंवा सशाचं मटण 'मिळतंय' असं कोणी ना कोणी सांगतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जनावरांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि मारणारा कोणीही असो, त्यांचं मटण घरात सापडणं हाही गुन्हाच आहे. पिकाची नासधूस झाली तर वनखात्याकडे अर्ज करून भरपाई मागता येते, ते मटण मात्र घरी आणता येत नाही. इथलं सगळं सांगणं पाळलेल्या शेळी-मेंढीबद्दल आहे. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत जनावर घरी कापता येत नाही, ते परवान्याच्या कत्तलखान्यातच कापावं लागतं. तेव्हा शहरातल्या माणसाच्या हाती येतो तो सोललेला, साफ केलेला बोकड.

आधी वजन, मग लिटर

२५ किलोचा जिवंत बोकड कापला की मुंडी, पाय, कातडं आणि आतडी सोडून साधारण ११ ते १२ किलो मटण पडतं, हाडासकट. काळीज, फुप्फुस, वजडी हे वेगळं. आता हे ११ किलो कुठे जाणार?

घरगुती फ्रीजर जेवढं मावतं तेवढं एका दिवसात गोठवू शकत नाही. सुरक्षित हिशेब असा की १०० लिटरच्या फ्रीजरमध्ये २४ तासांत ४ ते ५ किलोच नवीन मटण घालावं. दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा ५०-६० लिटरचा असतो, म्हणजे दिवसाला २ ते अडीच किलो. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा जेमतेम एक किलो घेतो. याहून जास्त कोंबलं की बाहेरच्या पिशव्या दगड होतात आणि मधल्या दोन दिवस कोमट-थंड राहतात. जंतूंना तेवढं पुरतं, आणि सावकाश गोठलेल्या मटणात बर्फाचे मोठे खडे होऊन ते सोडवल्यावर पाणी सुटून चोथा लागतं. घरात वरच्या कप्प्याचाच फ्रीज असेल तर अख्खा बोकड घेऊ नका, वाट्यात उतरा. खरेदीचा पहिला निर्णय हा आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

डीप फ्रीजर घ्यायचाच असेल तर वर झाकण उघडणारा घ्या. उभ्या दाराचा उघडला की थंड हवा खाली सांडते, पेटीच्या आकाराच्या फ्रीजरमध्ये ती आतच बसून राहते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज तासन् तास जाते. अशा वेळी भरलेला आणि झाकण न उघडलेला डीप फ्रीजर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा. काटा उणे १८ अंशांवर असावा.

आणखी एक पर्याय आहे, स्वस्तातला. बेळगावात गोवा-कारवारकडून मासळी ज्या थर्माकोलच्या पेट्यांतून येते, तशी एक जाड पेटी आणि बर्फ. १० किलो मटण ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला निव्वळ हिशेबाने ३ किलो बर्फ लागतो. पेटीतून शिरणारी उष्णता धरली तर ६ किलो आणा. मटण जाड पिशवीत बांधूनच बर्फात ठेवा आणि पेटीला तळाशी भोक पाडून वितळलेलं पाणी बाहेर सोडा. त्या पाण्यात मटण लोळलं की पांढरं पडतं, चव जाते आणि एका तुकड्याची घाण सगळ्यांना लागते.

ताजं मटण कडक का होतं

'आजच कापलेला बोकड, तरी चार शिट्ट्यांत शिजला नाही' ही तक्रार नेहमीची, आणि दोष बोकडाच्या वयाला दिला जातो. वय हे एक कारण झालं. दुसरं असं की कापल्यावर काही तासांत स्नायू आखडून ताठ होतात आणि मग सावकाश, साधारण एका दिवसात, पुन्हा सैल पडतात. ताठरपणा चढायच्या आत, म्हणजे कापल्यापासून दोन-तीन तासांत, मटण हंड्यात पडलं तर ते मऊ शिजतं. यात्रेतलं मटण चांगलं लागतं ते यामुळेही. सकाळी कापून संध्याकाळी शिजवायला घेतलं तर नेमका ताठरपणाचा मधला काळ गाठला जातो.

याहून वाईट म्हणजे गरम मटणाचे लहान तुकडे करून थेट फ्रीजरमध्ये टाकणं. ताठरपणा यायच्या आत स्नायू १० अंशांच्या खाली गेला की तो जोराने आकसतो, आणि हाडापासून सुटा झालेला असेल तर त्याला धरून ठेवायला काहीच नसतं. असं मटण पुढे कितीही शिजवा, रबरासारखं राहतं. म्हणून फरे, मांड्या, बरगड्यांचे दोन पंखे आणि मान अशी मोठी, हाडासकट खांडं करून आधी फ्रीजच्या खालच्या भागात किंवा बर्फाच्या पेटीत २४ तास ठेवावीत. मोठं खांड हळूहळू थंड होतं आणि हाड स्नायूला ताणून धरतं. दुसऱ्या दिवशी तुकडे करा, मगच गोठवा. थंड मटण कापायलाही सोपं जातं, सुरीखाली सरकत नाही.

बाहेर उघड्यावर मात्र दोन तासांच्या वर ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ३२ च्या वर असताना, एकच तास.

सुरी, सत्तूर, करवत

घरी तीन हत्यारं पुरतात. सहा-सात नगांचे चकचकीत संच घेण्यात अर्थ नाही. त्यातल्या निम्म्या सुऱ्या ब्रेड आणि टोमॅटोच्या असतात.

पहिली, हाडावरून मांस सोडवायची सुरी. पातं अरुंद, टोकदार, १३ ते १५ सेंटीमीटर. मूठ प्लॅस्टिकची आणि खरखरीत असावी. लाकडी मुठीच्या फटीत चरबी जाऊन बसते आणि हात घसरतो. पातं आणि मूठ यांच्यामध्ये बोट पुढे जाऊ न देणारा उंचवटा असलाच पाहिजे, कारण टोक हाडावर अडलं की ओला हात पुढे सरकतो आणि थेट धारेवर येतो. दुकानात मूठ आवळून धरा आणि टोक लाकडावर हलकं दाबून बघा.

दुसरा सत्तूर, घरच्या हाताला ७०० ते ९०० ग्रॅम वजनाचा. हलका घेतला तर एका जागी दोन-तीन घाव घालावे लागतात, आणि हाडाची कपची रश्श्यात येते ती याच दुसऱ्या-तिसऱ्या घावाने. गावचा लोहार ट्रकच्या कमानपाट्याचा सत्तूर करून देतो, तो उत्तम. त्याचं लोखंड धार धरतं, दगडावर पटकन लागतं. गंजतो मात्र लगेच, धुतल्यावर पाच मिनिटं ओला राहिला तरी. स्टेनलेसचा गंजत नाही, पण हलक्या प्रतीच्या पात्याची धार हाडावर वळते. जो हातासरशी पुसून ठेवायला तयार आहे त्याने लोहाराचाच घ्यावा.

तिसरी, हाडाची करवत. ही बहुतेक घरांत नसते आणि फरक तिनेच पडतो. मांडीची नळी सत्तुराने फोडली की फुटते, करवतीने कापली की गोल चकती निघते आणि आतला मगज जागेवर राहतो. आधी सुरीने नळीभोवतीचं मांस हाडापर्यंत कापून बाजूला सारा, मग करवत चालवा, नाहीतर दात मांसात अडकतात. कापून झाल्यावर हाडाचा भुसा सुरीच्या पाठीने खरवडून काढा. तो राहिला तर मटण त्या जागी लवकर आंबतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या लोखंड कापायच्या पात्यावर रंग आणि तेल असतं, ते इथे चालत नाही. स्टेनलेसचं, इंचाला १० च्या आसपास दात असलेलं, मांसासाठीचंच पातं घ्या.

धारेचा दगड या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा. एक बाजू ४०० आणि दुसरी १००० नंबरची असलेला दुहेरी दगड बरीच वर्षं पुरतो. हाड सोडवायच्या सुरीला प्रत्येक बाजूने २० अंशांचा कोन द्यायचा. डोळ्याला २० अंश कळत नाहीत, म्हणून पात्याची रुंदी धरा: पातं अडीच सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर उचला आणि तेवढीच ठेवून ओढा. सत्तुराला २५ ते ३० अंश. त्याला सुरीसारखी पातळ धार लावली तर पहिल्याच हाडावर धारेला खाचा पडतात. बोथट सुरीने जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच कापला जातो, म्हणून काम सुरू करण्याआधी दगड, मधेच नाही. ज्या हातात सुरी नाही त्या हातात न कापणारा हातमोजा घाला. मशीनवर काम करताना मात्र तोच हातमोजा काढून ठेवायचा, कारण त्याचा धागा आत ओढला गेला की बोटंही जातात.

ओंडका चिंचेचा, आणि घाव नेहमी खोडाच्या आडव्या कापावर पडेल असा ठेवलेला. लाकडाचे धागे उभे असले की धार त्यांच्या मधे शिरते आणि बाहेर येते, कपचा निघत नाहीत. ओलं लाकूड लगेच वापरू नका, सावलीत काही महिने वाळू द्या. उन्हात ठेवलं तर मधोमध चिरतं. काम झालं की खरवडा, खडे मिठाने घासा, गरम पाणी ओता, पुसून उभं ठेवा. भिजत कधीही घालू नका. बिनहाडाच्या कामाला आणि कोंबडीला प्लॅस्टिकचा वेगळा पाट हवा.

खिम्याचं मशीन

मशीनवर लिहिलेले ५, ८, १०, १२, २२, ३२ हे आकडे जाळीचा आकार सांगतात. ८ नंबरची जाळी ६२ मिलिमीटर व्यासाची, १२ नंबरची ७० आणि २२ ची ८२. घरी हाताने फिरवायचं असेल तर टेबलाच्या कडेला पेचाने आवळायचं १० किंवा १२ नंबरचं पुरे. २२ आणि ३२ नंबरची मशीनं टेबलाला बोल्टने बसवावी लागतात आणि फिरवायला दोन माणसांचा दम लागतो.

बिडाच्या मशीनवर कल्हईचा थर असतो. तो तारेच्या घासणीने निघतो आणि मग मशीन गंजतं, म्हणून नारळाची काथ्या किंवा मऊ ब्रश वापरा. अॅल्युमिनियमचं स्वस्त मशीन मिठाने काळं पडतं आणि पहिला खिमा करडा येतो. पैसे असतील तर स्टेनलेस घ्या, नसतील तर बीड. अॅल्युमिनियम घेऊ नका.

विजेच्या मशीनवर २०००, ३००० वॅट असं छापलेलं असतं. तो बहुतेकदा मोटर अडकल्यावरचा क्षणाचा आकडा असतो, चालतानाचा नाही. बघायचं ते हे: चालू स्थितीतले वॅट किती, सलग किती मिनिटं चालवता येतं, उलट फिरवायचं बटण आहे का, आणि आतला दातेरी चाकांचा संच धातूचा आहे की प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकची चाकं शिर अडकली की तुटतात, आणि सुटी मिळत नाहीत. वर्षातून तीन-चारदा दोन-तीन किलो खिमा करणाऱ्याला विजेचं मशीन लागतच नाही. घरचा मिक्सरही चालतो: थंड मटणाचे दोन सेंटीमीटरचे तुकडे, एका वेळी २०० ग्रॅम, आणि सलग न फिरवता एकेक सेकंदाचे सहा-सात झटके. सलग फिरवलं की खिमा न होता लगदा होतो.

मशीनमधून खिम्याऐवजी चिखल येऊ लागला तर मशीन खराब आहे असं लगेच ठरवू नका. चार गोष्टी क्रमाने तपासा. पातं उलटं बसलंय का? चार पाकळ्यांच्या पात्याची सपाट, धारेची बाजू जाळीला चिकटलेली हवी. नव्या मशीनवर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मग बाहेरची चकती: हाताने पूर्ण आवळा, नंतर केसभर सैल करा. ती ढिली असेल तर पातं आणि जाळी यांच्यात फट राहते आणि मांस कापलं न जाता दाबलं जातं. तिसरं, शिरा. मांसावरचे पांढरे पडदे आणि नसा न काढता घातल्या तर त्या पात्याभोवती दोरीसारख्या गुंडाळल्या जातात. मशीन उघडा, सोडवा. चौथं, उष्णता. मटण आणि मशीनचे सुटे भाग दोन्ही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मटण कोमट असेल तर चरबी वितळून जाळीची भोकं बुजवते.

आधी ८ मिलिमीटर भोकांच्या जाळीतून, मग हवं तर साडेचारच्या जाळीतून. एकदम बारीक जाळीतून काढायला गेलं की मोटर तापते. पातं आणि जाळी एकमेकांवर घासून जुळतात, म्हणून प्रत्येक जाळीची जोडी ठरवून एकाच पिशवीत ठेवा, अदलाबदल करू नका. जाळीला मधे खोलगट झीज पडली की फेकू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पृष्ठभाग घासून सपाट करणारे कारखाने आहेत, जाळी आणि पातं दोन्ही एकदम घेऊन जा आणि सपाट करून आणा.

थर्मामीटर, काटा आणि पिशव्या

टोचून बघायचा डिजिटल थर्मामीटर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी घेतलं जाणारं साधन. फ्रीज ४ अंशांच्या आत आहे की नाही हे याच्याशिवाय कळत नाही. तो बरोबर आहे का हे बघायला बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून टोक बुडवा, शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात १०० दाखवत नाही म्हणून परत करू नका: बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथे पाणी साडेसत्याण्णवच्या आसपासच उकळतं. खिम्याचे कबाब आतून ७१ अंशांपर्यंत तापले पाहिजेत, कोंबडी ७४.

वाटे घालायला ५० किलोचा टांगता काटा आणि पिशव्यांसाठी ग्रॅम दाखवणारा छोटा. पिशवी अर्ध्या किलोची, आणि थापून दोन-तीन सेंटीमीटर जाडीची सपाट. गोळा करून ठेवलेली पिशवी मधून गोठायला कितीतरी जास्त वेळ घेते, सोडवायलाही. हवा राहिली की मटणावर कोरडे पांढरट डाग पडतात. तिथलं पाणी थेट वाफ होऊन उडालेलं असतं. चेनची पिशवी पाण्याने भरलेल्या बादलीत तोंडापर्यंत बुडवली तर पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते. एवढं जमलं तर हवा शोषून सील करणारं मशीन चैनीत मोडतं. घेतलंच तर मटण आधी तासभर फ्रीजरमध्ये कडक करून घ्या, नाहीतर रस शोषला जाऊन सील बसत नाही. हाडाच्या टोकाला जाड कागदाची घडी लावा. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: हवा काढली म्हणजे मटण टिकलं असं नाही. हवेशिवाय वाढणारे विषारी जंतूही आहेत, सीलबंद मटण थंडच ठेवायचं.

फ्रीजमध्ये तुकडे तीन ते पाच दिवस, खिमा आणि काळीज एक-दोन दिवस. गोठवलेले तुकडे सहा ते नऊ महिने चांगले राहतात, खिमा तीन-चार महिने. पिशवीवर तारीख लिहा.

मुंडी, पाय आणि आतलं

मुंडी-पाय भाजायला छोट्या सिलिंडरवरचा गॅस टॉर्च चांगला. टायर जाळून भाजलेल्या पायांना काळपट धूर आणि घातक घाण लागते, रॉकेलच्या दिव्याने वास राहतो. वजडीला ६५ अंशांच्या आसपासचं पाणी हवं. उकळतं ओतलं की वरचं अस्तर शिजून चिकटतं आणि खरवडूनही निघत नाही.

काळीज किंवा फुप्फुसावर पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गोट्या दिसल्या तर नीट ऐका. त्या एका पट्टकृमीच्या गाठी असतात. तो भाग कुत्र्याला टाकला की कृमी त्याच्या पोटात वाढतो, अंडी विष्ठेतून अंगणात येतात आणि तिथून माणसाच्या, विशेषतः पोरांच्या, पोटात जाऊन काळजात (यकृतात) तशीच गाठ तयार करतात. गोटी फोडू नका. तो भाग अर्धा तास उकळा किंवा कुत्रं उकरू शकणार नाही इतका खोल पुरा. गावाकडे जनावर अचानक मेलं, नाका-गुदातून काळपट न गोठणारं रक्त आलं, तर ते मटणासाठी कापूच नका. ती काळपुळीची (अँथ्रॅक्सची) खूण असू शकते. पशुवैद्याला बोलवा.

धुणं आणि पावसाळा

धुताना पहिलं पाणी गार. गरम पाण्याने रक्त आणि मांसाचा थर शिजून धातूला चिकटतो. गार पाण्याने सगळं सुटलं की साबण आणि गरम पाणी, आणि मग एक लिटर पाण्यात चहाचा एक छोटा चमचा, म्हणजे ४ मिलिलिटर, बिनवासाचं ब्लीच घालून दोन मिनिटं. ब्लीच घाणीवर ओतलं तर घाणच ते खाऊन टाकते, म्हणून ते शेवटी.

खानापूर-कणकुंबीकडे जूनपासून भिंतीही ओल्या राहतात, तिथे लोहाराचा सत्तूर आणि बिडाचं मशीन कपाटात आठवड्यात तांबूस होतं. शेंगतेल लावू नका, ते महिनाभरात चिकट होऊन वास मारतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बोटाने पातळ पुसा, जुन्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको. जाळी, पातं आणि चकती सुटी ठेवा, जोडून ठेवली तर आतच गंजून एकजीव होतात.